हिरव्या घराचं क्षेत्रफळ

२००८ साली शिकागोच्या म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्रीने आपल्या आवारात एक तीन मजली घर उभं केलं आणि तिकीट लावून ते लोकांना दाखवलं. वास्तुकार मिशेल कॉफमन यांचं हे घर शेजारच्या इंडियाना राज्यातल्या कारखान्यात भागाभागांनी तयार झालं, ट्रेलरवरून आलं आणि क्रेनने पायावर बसवलं गेलं. छतावर झाडं, उन्हावर वीज, पावसाचं पाणी साठवायची सोय, वीज कुठे किती जळते ते दाखवणारा पडदा. क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस फूट.

माझं मन या शेवटच्या आकड्यापाशी अडतं. मुंबईच्या हिशेबाने एवढ्या जागेत चार-पाच बिऱ्हाडं आरामात राहतील. शिकागोचा हिवाळा कडक. घर जेवढं मोठं तेवढी ऊब जास्त लागणार, लाकूड-काच-रंगही जास्त लागणार. दर चौरस फुटामागे केलेली बचत चौरस फूट वाढवूनच खर्ची पडते. पर्यावरणपूरक इमारतींना दिल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या ‘लीड’ मानांकनाला हे उमगलं होतं. त्याच वर्षीच्या घरांसाठीच्या नियमांत, घर खोल्यांच्या मानाने मोठं असेल तर प्रमाणपत्रासाठी जादा गुण मिळवण्याची अट होती. पण घर पाहायला आलेल्याला मोठेपणा दोष वाटतच नाही, उलट तोच आवडतो.

कारखान्यात घर बांधण्याचे फायदे मात्र खरे आहेत, आणि ते घर पाहताना दिसत नाहीत. लाकूड पावसात भिजत नाही. एका घराचे उरलेले तुकडे दुसऱ्याच्या कामी येतात, जागेवरच्या बांधकामात तेच राडारोड्यात जातात. इकडे पाया खणला जात असताना तिकडे भिंती उभ्या राहतात. याची किंमतही आहे. प्रवासात हिसके सोसावेत म्हणून भाग गरजेपेक्षा भक्कम करावे लागतात, दोन भाग जुळतात तिथे भिंत दुहेरी होते, आणि ट्रेलरवरून वाहिली जाते ती बरीचशी खोलीतली पोकळीच. शिवाय कारखाना चालायला ऑर्डरी सतत हव्यात. घरबाजार कोसळल्यावर २००९ मध्ये खुद्द कॉफमन यांना आपली कंपनी बंद करावी लागली. कल्पनेला पुरस्कार मिळतात, कारखान्याला गिऱ्हाईक लागतं.

त्याच २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कारखान्यात बनणाऱ्या घरांचं प्रदर्शन भरवलं. त्यातलं किएरन-टिंबरलेक या वास्तुकार संस्थेचं पाच मजली ‘सेलोफेन हाउस’ मला जास्त मोलाचं वाटतं. ॲल्युमिनियमचा सांगाडा बोल्टांनी जोडलेला. प्रदर्शन संपल्यावर तो तोडायचा नव्हता, खोलायचा होता. घर उभं किती दिवसांत राहिलं याचं सगळ्यांना कौतुक असतं, ते उतरवायचं कसं हा प्रश्न निघतच नाही. आपल्याकडे वाडा पाडला की सागवानी खांब, तुळया, दारं जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि दुसऱ्या घराला लागतात. हे पर्यावरणप्रेमातून सुरू झालं नाही. सागवान महाग होतं आणि सांधे सुटणारे होते, एवढंच. आज सिमेंटची इमारत पडली की उरतो तो डबर, फार तर भंगारात जाणाऱ्या सळया.

कारखान्यात बनलेली अशी तयार घरं आता आपल्याकडेही फार्महाउस म्हणून विकली जातात. शहरापासून दूर, डोंगरउतारावर, शनिवार-रविवारपुरती. पहिलं घर आहेच आणि त्यावर हे दुसरं. त्याला पर्यावरणपूरक म्हणणं मला मान्य नाही, छतावर कितीही सौरपट्ट्या असोत.

तेव्हा नमुना घर पाहायला गेलात, तर सौरपट्ट्यांपाशी फार रेंगाळू नका. माणशी किती चौरस फूट पडतात ते विचारा, दूध आणायला गाडी काढावी लागेल का ते विचारा, आणि भिंतीचा एखादा सांधा खोलून दाखवायला सांगा.