उत्तर द्यायला लावणारा सभासद

ज्या सभागृहात आपण मतदान कधीच जिंकू शकत नाही, तिथे सभासदाने करायचे तरी काय? विरोधी बाकांवरच्या आमदार-खासदारांना आज हा प्रश्न पडतो. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापुढे तो याहून कठोर होता. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०२ पासून १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत व्हाइसरॉयच्या इम्पीरियल कायदेमंडळात बसले. तिथे सरकारी सभासदांचे बहुमत नियमांनीच बांधून दिलेले होते. तरीही या काळात त्यांनी एक विचार टप्प्याटप्प्याने घडवला: सरकारला हरवता येत नसेल, तर त्याला उत्तर द्यायला लावता येते, आणि एकदा दिलेल्या उत्तराला सरकार कायमचे बांधले जाते.

सुरुवातीला हाताशी साधने फारच थोडी होती. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येई, पण मत देता येत नसे. प्रश्न विचारता येई, पण उत्तर कितीही गुळमुळीत असले तरी पुरवणी प्रश्न विचारायची मुभा नव्हती. ठराव मांडण्याचा अधिकार नव्हताच.

१९०१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. दुष्काळात सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यायची, पण ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून, असा तिचा रोख होता. सावकाराच्या तावडीतून रयतेला सोडवतो आहोत, हा सरकारचा दावा. जमिनीवरचा हक्क गेला की रयतेची पतही जाईल, हा विरोधकांचा मुद्दा. विधेयक घाईने रेटू नये, अशी सूचना फिरोजशहा मेहतांनी मांडली. ती फेटाळली गेली, तेव्हा मेहता, गोखले आणि आणखी काही लोकनियुक्त सभासद उठून बाहेर पडले. जाताना गोखल्यांनी स्पष्ट सांगितले, की हे पाऊल आपण नाइलाजाने उचलत आहोत, कोणाचा अनादर करण्याचा हेतू नाही. निषेध जगजाहीर झाला. विधेयक मात्र मंजूर झाले.

या सभात्यागाची त्यांनी सवय केली नाही. बाहेर पडून बाजू कळते, पण आत बसलेल्या सरकारवर प्रश्नांचा भार राहत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी वेगळी वाट धरली.

२६ मार्च १९०२ चे त्यांचे पहिले अर्थसंकल्पीय भाषण म्हणजे या वाटेचा आरंभ. सरकारच्या हाती सात कोटींच्या घरातली शिल्लक होती आणि सभागृहात अभिनंदनाचा सूर होता. त्या अभिनंदनात सामील व्हायला गोखल्यांनी नकार दिला. त्यांची मांडणी अशी होती: रुपयाचा भाव घसरत होता, तेव्हा इंग्लंडला पौंडांत पाठवायच्या रकमेसाठी जास्त रुपये लागत आणि त्या सबबीवर कर वाढवले गेले. टांकसाळी १८९३ मध्ये लोकांच्या चांदीसाठी बंद करून पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिर केला, तेव्हा तेवढ्याच पौंडांना कमी रुपये पुरू लागले. वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची नव्हती. लागोपाठ दोन मोठे दुष्काळ सोसलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केलेला तो पैसा होता. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता, म्हणजे सर्वांत गरीब घरालाही त्यातून सुटका नव्हती.

या भाषणात सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवलेले होते. आपल्याच हिशेबाशी विसंगत बोलल्याशिवाय अर्थमंत्र्याला ते झटकता येत नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सरकारी अहवाल चाळण्याची शिस्त आणि १८९७ मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे दिलेली साक्ष यांची शिदोरी त्यामागे होती. १९०३ मध्ये मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. प्राप्तिकरमुक्त उत्पन्नाची मर्यादाही १९०३ मध्ये पाचशेवरून हजार रुपये झाली. सगळे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर होणार नाही. पण शिल्लक असताना कर का, या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी मार्च महिन्यात द्यावे लागणार, हे सरकारला कळून चुकले होते.

१९०९ च्या सुधारणांनी प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्नाचा आणि सभासदांना ठरावाचा हक्क मिळाला. गोखल्यांनी तो लगेच वापरला. फेब्रुवारी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीसाठी होणारी करारबद्ध मजुरांची भरती थांबवण्याचा ठराव त्यांनी मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. १ जुलै १९११ पासून ती भरती बंद झाली. ही पद्धत सर्वच वसाहतींसाठी रद्द करावी, हा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र पडला. मग १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तीच मागणी पुन्हा आणली. या वेळी सरकारने ती तत्त्वतः मान्य केली आणि १९१७ मध्ये भरती थांबली. गोखले तोवर हयात नव्हते. त्यांचा युक्तिवाद दफ्तरात होता.

सर्वांत कसोटीचा प्रसंग प्राथमिक शिक्षणाचा. १९१० मध्ये त्यांनी याच विषयावर ठराव आणला आणि सरकारच्या आश्वासनावर मागे घेतला. त्याच वर्षी भारत सरकारचे स्वतंत्र शिक्षणखाते निघाले. आश्वासन पुरेसे वाटेना, म्हणून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच मांडले. त्याचे कलम न् कलम आक्षेपांचा विचार करून बेतलेले होते. सक्ती सरसकट नव्हती: ज्या भागात मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण ठरावीक पातळीला पोचले असेल, तिथेच नगरपालिकेने वा जिल्हा बोर्डाने, सरकारच्या परवानगीने, ती लागू करायची. आधी ६ ते १० वर्षांचे मुलगे, पुढे मुली. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या घराला फी माफ. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, उरलेला स्थानिक संस्थेचा.

मार्च १९१२ मध्ये विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याची सूचनासुद्धा १३ विरुद्ध ३८ मतांनी पडली. निकाल काय लागणार हे गोखल्यांना ठाऊक होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा आली आहे, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. पण विरोधकांना विरोधाची कारणे नोंदवावी लागली, आणि नोंदलेले कारण पुढच्या माणसाला खोडता येते. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा झाला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले आणि २००९ मध्ये त्याचा कायदा आला.

ती कायदेमंडळे हा नुसता देखावा होता, तिथे शक्ती घालवणे व्यर्थ होते, असा आक्षेप गोखल्यांच्या हयातीतच घेतला गेला. त्यात तथ्य होते: रस्त्यावरच्या चळवळीशिवाय ब्रिटिश सत्ता हलली नसती. पण चळवळ जे मागते त्याला कायद्याच्या भाषेत, खर्चाच्या आकड्यांत आणि वयाच्या मर्यादेत बसवावे लागते, आणि हे काम घोषणेने होत नाही.

म्हणूनच आजची घसरण मला गंभीर वाटते. सप्टेंबर २०२० च्या संसद अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच झाला नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. हजारो कोटींच्या मागण्या गोंधळात, चर्चेविना मंजूर होतात. गोखल्यांना जे अधिकार तुकड्यातुकड्याने मिळवावे लागले, ते आपल्या प्रतिनिधींना शपथ घेताच मिळतात: तारांकित प्रश्न, उपप्रश्न, कपात सूचना, अशासकीय विधेयक. सत्ताधाऱ्यांनी ते आक्रसले, हा त्यांचा दोष. विरोधकांनी अभ्यासाविना वाया घालवले, हा त्यांचा. आणि मतदारांचा दोष हा, की आपण प्रतिनिधीला रस्ता आणि सभामंडप मागतो, पण या अधिवेशनात तुम्ही काय विचारले आणि सरकारने काय उत्तर दिले, हे विचारत नाही. सभागृहाची कार्यवाही आता घरबसल्या वाचता येते. ती वाचून हा प्रश्न मतदारसंघातूनच केला गेला, तरच उत्तर देण्याची सवय सरकारला पुन्हा लागेल.