पेपर वाचायचा कोणी?

पार्ल्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एखाद्याचा पेपर छापून आल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘इम्पॅक्ट फॅक्टर किती?’ पेपर कशावर आहे हे विचारणारा विरळाच. पण यात माणसांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बढतीचा फॉर्मच तसा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८च्या नियमावलीत भाव उघड लिहिलेत. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या समीक्षित नियतकालिकातल्या लेखाला वाढीव ५ गुण, फॅक्टर एकच्या आत असेल तर १०, दहाच्या वर गेला तर ३०. आकडा ‘थॉम्सन रॉयटर्स’च्या यादीतून घ्यावा, असंही त्यात आहे. त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६मध्येच विकून टाकला होता!

यूजीन गारफील्ड यांनी हे माप काढलं ते आपल्या सूचीत कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला. हिशेब सोपा आहे. मागच्या दोन वर्षांत शंभर लेख छापले, त्यांचे यंदा इतर लेखांत दोनशे उल्लेख झाले, तर फॅक्टर दोन. मात्र त्यातले बरेचसे उल्लेख मोजक्या लेखांनीच कमावलेले असतात. तुमच्या लेखाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसलं तरी तुमच्या नावापुढे दोनच. वर्गाची सरासरी प्रत्येक पोराच्या प्रगतिपुस्तकात चढवावी, तशातली गत.

आणि दोनच वर्षं का? देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची गोष्ट घ्या. ३५२४चे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केलं की ८३५२, आणखी एकदा केलं की ६१७४. त्यानंतर ही संख्या जागची हलत नाही. चारही अंक सारखे नसले की कुठूनही निघा, मुक्काम हाच. कापरेकरांनी हे १९५५मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापलं. जगभर नाव झालं ते १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. वीस वर्षं गेली मधे.

अस्सल आकडा सगळ्यांच्या हाती लागत नाही, म्हणून नकली आकड्यांचा बाजार उभा राहिला. पैसे भरा, पेपर छापून घ्या, सर्टिफिकेट न्या. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की, यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांपैकी १००९ तपासली, तर सुमारे ८८ टक्के निकषांत बसत नव्हती. पुढे त्या यादीच्या जागी ‘केअर’ ही यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने तीही बंद केल्याचं जाहीर केलं.

या सगळ्यात मराठीत लिहिणारा प्राध्यापक कुठे बसतो? वाईच्या ‘नवभारत’ला किंवा पुण्याच्या ‘भाषा आणि जीवन’ला इम्पॅक्ट फॅक्टर नाही. लोकमान्य सेवा संघात पार्लेकरांपुढे तासभर विषय उलगडला, तरी या मापाला त्याची खबर नसते.

माझ्या मते आकड्याचं खरं आकर्षण असं की तो वाचनाची कटकट वाचवतो. मुलाखतीच्या सकाळी फायलींचा गठ्ठा येतो, जेवणाआधी निकाल हवा असतो. आता यादी गेली, नियतकालिक पारखायचं काम संस्थांकडे आलं. तर कॉलेजने उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे तीन पेपर महिनाभर आधी मागवावेत, त्या विषयातल्या दोघांना वाचायला द्यावेत, आणि त्यांनी पानभर लिहून खाली सही करावी. वाचणाऱ्यांना मानधनही द्यावं.