पाहा, पण हात लावू नका

1964 सालच्या 16 जानेवारीला अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने एका 82 वर्षांच्या वृद्धेच्या मांडीतील अरुंद झालेली धमनी, शस्त्र न चालवता, आतून नळ्या सरकवून रुंद केली. बाईंच्या पायाची बोटे सडू लागली होती. शल्यविशारदांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता आणि बाई त्याला काही केल्या तयार नव्हत्या. पाय वाचला. रक्तवाहिनीच्या आत शिरून करावयाच्या उपचारांचा इतिहास सांगताना आज सगळे जण याच दिवसापासून आरंभ करतात.

याच डॉटरांविषयीची दुसरी एक हकीकत मला अधिक विचार करायला लावणारी वाटते. एका शल्यविशारदाने आपल्या रुग्णाला धमनीचे चित्र काढण्यासाठी त्यांच्याकडे पाठवले आणि सोबतच्या अर्जावर ठळक अक्षरांत सूचना लिहिली. तिचा आशय असा, की पाहून घ्या, पण दुरुस्त करायला जाऊ नका. वैद्यकाच्या इतिहासात ही ओळ बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते. आपल्या क्षेत्रात दुसऱ्याने पाऊल टाकू नये ही व्यावसायिक असूया त्या ओळीत असावी असा तिचा अर्थ लावतात, आणि तो अगदीच चुकीचा नसेलही. पण असूयेतून निघालेल्या वाक्यातही कधीकधी एखादा खरा प्रश्न असतो. जे बिघडलेले दिसले आणि जे दुरुस्त करण्याचे साधन हाताशी आहे, ते दुरुस्त करणे हे आपले कर्तव्यच ठरते काय? की पाहणे आणि करणे यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, आणि तो ओलांडण्यासाठी वेगळे कारण लागते?

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. 2019 च्या पावसाळ्यात आमच्या दादांचा रक्तदाब चार गोळ्यांनाही दाद देईना. ते तेव्हा 76 वर्षांचे होते. बँकेतली नोकरी संपून सोळा वर्षे झाली होती, आणि इंदूरच्या आमच्या जुन्या घरात वहिनींसह त्यांचे नेमस्त जीवन चालले होते. तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन 1.9 निघाले, आणि डॉप्लर सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाची धमनी उगमापाशीच चांगली अरुंद झालेली आढळली. पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, ब्लॉक दिसतोय ना? मग स्टेंट घालून मोकळे का होत नाही?" त्याच्या प्रश्नात मला काहीच वावगे वाटले नाही. माझाही प्रश्न तोच होता.

ज्या तरुण डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांनी मात्र उत्साह दाखवला नाही. ते म्हणाले, "मी स्टेंट घालू शकतो, तांत्रिकदृष्ट्या त्यात विशेष अडचण नाही. पण घातल्याने यांचे भले होईल असे मला सांगता येत नाही." मी घरी येऊन वहिनींना सांगितले, की डॉक्टर जरा लेचेपेचे दिसतात. हे माझे शब्द मला आज आठवतात आणि त्यांची लाज वाटते.

त्यानंतर मी वाचू लागलो. वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले. पण या प्रकरणाची गाठ तर्काच्याच एका धाग्यात आहे असे माझ्या लक्षात येत गेले.

नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा एक नियम एकोणिसाव्या शतकात प्वाझय या फ्रेंच वैद्याने मांडला. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर, इतर गोष्टी तशाच राहिल्यास, प्रवाह निम्मा न होता सोळावा हिस्सा उरतो. हे वाचले की अरुंद धमनी पाहणाऱ्या कोणाच्याही पोटात गोळा यावा. परंतु 'इतर गोष्टी तशाच राहिल्यास' ही अट शरीरात कधीच पाळली जात नाही. मूत्रपिंड तर या बाबतीत मोठे चतुर इंद्रिय आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा भाग, मिनिटाला सुमारे एक लिटर, या दोन मुठीएवढ्या अवयवांतून जातो. दिवसाकाठी तिथे 180 लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो, आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा परत घेतला जातो. एवढे रक्त त्यांना स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही. आलेल्या प्राणवायूपैकी फार थोडाच ती वापरतात. रक्त येते ते गाळले जाण्यासाठी. शिवाय दाब थोडाफार खालीवर झाला तर आतल्या सूक्ष्म वाहिन्या स्वतः सैल किंवा घट्ट होऊन प्रवाह सांभाळून घेतात. म्हणून पायाच्या धमनीत जे अरुंदपण बोटे काळी पाडते, तेवढेच अरुंदपण मूत्रपिंडाच्या दारात असले तरी आत दुष्काळ पडलाच असेल असे नाही. डॉटरांच्या त्या वृद्धेचा पाय आणि आमच्या दादांचे मूत्रपिंड ही दोन उदाहरणे सारखी दिसतात, पण सारखी नाहीत. विद्यार्थ्यांना उपमानाचे दोष शिकवताना मी जन्मभर जी उदाहरणे दिली, त्यांत इतके नेमके एकही नव्हते.

तरीही स्टेंटच्या बाजूचा युक्तिवाद कच्चा नव्हता, हे सांगितले पाहिजे. क्लीव्हलंडचे हॅरी गोल्डब्लाट यांनी 1934 मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चिमटा बसवून दाखवून दिले होते, की ती आवळली की सबंध शरीराचा रक्तदाब चढतो. मूत्रपिंडाला वाटते की रक्त कमी पडले, आणि ते दाब वाढवण्याची व्यवस्था करते. 1978 मध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी फुग्याने ही धमनी रुंद करून दाखवली. पुढे स्टेंट आले. आवळल्याने दाब चढतो, तर मोकळे केल्याने तो उतरेल. यापेक्षा सरळ अनुमान कोणते असणार? वर्षानुवर्षे हजारो रुग्णांत असे स्टेंट बसवले गेले. चित्र पूर्वी अरुंद, नंतर रुंद. डॉक्टर समाधानी, रुग्ण समाधानी.

मग कोणीतरी हे खरोखर तपासायचे ठरवले. ब्रिटनमध्ये, आणि काही प्रमाणात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये, 806 रुग्णांवर झालेल्या 'ॲस्ट्रल' या चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना औषधे आणि धमनी मोकळी करण्याचा उपचार, निम्म्यांना नुसती औषधे. मूत्रपिंडाचे कार्य, रक्तदाब, हृदयविकार, मृत्यू, कशातही म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. उलट उपचारामुळे 23 जणांना गंभीर इजा झाली. त्यांत दोघे दगावले आणि तिघांची बोटे वा अवयव कापावे लागले. अमेरिकेतून निघालेल्या 'कोरल' या 947 रुग्णांच्या चाचणीने पुढे, 2014 मध्ये, बहुतांशी तेच सांगितले. स्टेंटवाल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी दोन-सव्वादोन मिलिमीटरने कमी राहिला, इतकेच.

असे का व्हावे? वार्धक्यातील या विकारात दारापाशी दिसणारे अरुंदपण हा दीर्घकाळ चाललेल्या झिजेचा एक दृश्य भाग असतो. आतल्या बारीक वाहिन्या तोवर कठीण झालेल्या असतात, आणि दार उघडल्याने घर नवे होत नाही. स्टेंट बसवताना भिंतीवरचा चरबीचा चुरा सुटून पुढे वाहत जातो तो वेगळाच. तरुण स्त्रियांत आढळणारा धमनीभित्तीचा एक निराळा विकार आहे, त्यात फुग्याचा उपचार उत्तम गुण देतो. फुप्फुसांत पुन्हा पुन्हा अचानक पाणी भरणाऱ्या काही रुग्णांतही स्टेंटचा विचार आजही होतो. दादा या दोन्ही वर्गांत बसत नव्हते.

पाहण्याचीही एक किंमत असते, ही या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट. धमनी नुसत्या क्ष-किरणांत दिसत नाही. तीत 'डाय' सोडावा लागतो, आणि तो डाय शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडालाच करावे लागते. आधीच दुबळ्या मूत्रपिंडाला त्यानेच इजा होऊ शकते. ही भीती पूर्वी वाटत होती तितकी मोठी नसावी असे अलीकडे अनेक तज्ज्ञ मानतात, पण ती पुसली गेलेली नाही. जुना इतिहास तर याहून दारुण आहे. 1930 नंतर दोनेक दशके धमन्या पाहण्यासाठी 'थोरोट्रास्ट' नावाचे द्रव्य वापरले जाई. चित्रे अतिशय सुंदर येत, रुग्णाला त्रासही होत नसे. त्यात किरणोत्सर्गी थोरियम होते. ते यकृतात कायमचे मुक्काम करून राहिले, आणि कित्येकांना वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन त्याचे उत्तर मिळाले. ज्ञान स्वभावतः निरुपद्रवी असते, उपद्रव केवळ त्याच्या वापरात असतो, असे आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गात सहज म्हणून जातो. इथे तसे म्हणता येत नाही.

मला या साऱ्यात एक तपशील नैतिकदृष्ट्या फार मोलाचा वाटला. 'ॲस्ट्रल' चाचणीत रुग्णाला घेण्याची एक अट अशी होती, की या रुग्णाला उपचाराचा निश्चित लाभ होईल याविषयी त्याच्या डॉक्टरला खात्री नसली पाहिजे. ज्याला खात्री होती त्याचा रुग्ण चाचणीत आलाच नाही. टीकाकारांनी यावर बोट ठेवले, आणि ते रास्तच होते. ज्यांना खरोखर गरज होती ते बाहेर राहिले असतील तर निष्कर्षाची व्याप्ती तेवढीच आखडते. परंतु दुसरी कोणती अट नीतीला धरून झाली असती? समोरच्या माणसाला काय हितकारक आहे हे ठाऊक असताना त्याचा उपचार चिठ्ठी टाकून ठरवणे हे पापच. ठाऊक नसताना चिठ्ठी टाकणे मात्र पाप नव्हे. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणून स्टेंट बसवणे, हेच त्याहून मोठे गैर. गंमत अशी, की चिठ्ठी टाकणारा समाजाला निर्दय वाटतो आणि आव आणणारा दयाळू.

कारण आपल्याकडे करण्याला प्रेमाचा दर्जा आहे. "डॉक्टर, काहीतरी करा हो" हे वाक्य इस्पितळाच्या कोणत्याही मजल्यावर ऐकू येते. ते म्हणणारा नातलग वस्तुतः रोगाविषयी बोलत नसतो, स्वतःच्या निष्ठेविषयी बोलत असतो. पुतण्याने स्टेंटचा खर्च देऊ केला तो याच पोटी. न करण्यात निष्ठा दाखवण्याची रीत आपल्याला अवगत नाही. प्राचीन वैद्यकाला मात्र ती होती असे दिसते. साध्य आणि असाध्य यांच्यामध्ये त्याने 'याप्य' नावाचा वर्ग मानला. हा रोग बरा होत नाही, पण उपचाराने रेटता येतो. सुश्रुतसंहितेत त्याला पडू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूची उपमा आहे. स्टेंट हाही एका अर्थी टेकूच, हे खरे. परंतु दादांच्या बाबतीत चार गोळ्या, कमी मीठ आणि रोजची मोजणी हाच टेकू होता, आणि तो दिसत नसल्यामुळे आम्हाला टेकू वाटत नव्हता.

निर्णय शेवटी दादांनीच घेतला. आम्ही सगळे बोलून थकलो तेव्हा ते म्हणाले, "खातं थकलेलं नाही, मग वसुलीला माणूस कशाला धाडता?" बँकेतला माणूस. स्टेंट घातला नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता. पण 2021 च्या अखेरीस दादांचे क्रिएटिनिन 2.6 वर गेले. आता त्याच डॉक्टरांनी 'डायलिसिस' हा शब्द प्रथमच, आणि फार जपून, उच्चारला आहे. वेळ अजून आलेली नाही, पण शब्द घरात आला आहे. मागच्या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, तेव्हा केलं असतं तर?"

मी त्यांना चाचण्यांचे आकडे सांगू शकलो असतो. तसे केले नाही. आकडे आठशे आणि साडेनऊशे माणसांच्या समुदायाविषयी बोलतात. त्या समुदायात एखाद्याला गुण आलाही असेल आणि दुसऱ्याचा घात झाला असेल, सरासरीत दोघेही पुसले गेले. दादा त्यांपैकी कोण ठरले असते हे सांगणारी तपासणी नाही. योग्य रीतीने घेतलेला निर्णय आणि चांगला निघालेला परिणाम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मी अनेक वर्षे फळ्यावर लिहून दाखवले. चुलीपाशी बसलेल्या बाईला ते सांगणे मला जमले नाही. "ठाऊक नाही, वहिनी," एवढेच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि चकल्यांच्या डब्याचे झाकण लावले. त्या चकल्यांत दादांच्या वाटणीच्या वेगळ्या, बिनमिठाच्या होत्या. आतल्या खोलीतून रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी फुगल्याचा आवाज येत होता. ते वहीत आकडा लिहून घेत असणार.