भय आणि भरवसा

माणूस नीट वागतो तो स्वभावाने, की पाठीमागे दंडा उगारलेला असतो म्हणून? शाळामास्तराला हा प्रश्न रोज पडतो. मास्तर पाहत असताना जो वर्ग शांत असतो, तो खरोखर शांत असतो काय?

रशियाच्या प्रिन्स पीटर क्रोपॉटकिनने या प्रश्नापायी सारे आयुष्य वेचले. १८४२ साली मॉस्कोत, हजारावर भूदास बाळगणाऱ्या सरदारघराण्यात तो जन्मला. १८६२ साली राजधानीतील मानाची नोकरी समोर असता त्याने सैबेरिया मागून घेतला. हुकमाने लोकांचे भले होत नाही, हे तेथे त्याच्या ध्यानी आले. तेथेच त्याने हरणांचे प्रचंड कळप पाहिले. बर्फ पडण्यापूर्वी अमूर नदी ओलांडण्यासाठी दूरदूरच्या मुलखांतून ते एकत्र आले होते. जगण्याच्या झगड्यात भांडणाइतकेच, किंबहुना अधिक, साहाय्य उपयोगी पडते, हा विचार त्याने पुढे १९०२ सालच्या ‘परस्पर साहाय्य’ या ग्रंथात मांडला. यालाच जोडून त्याचा अराज्यवाद आला. अराज्य म्हणजे बेबंदशाही नव्हे. कोणी कोणावर सत्ता न गाजवता राजीखुशीने एकत्र नांदणे.

पण मग दुष्टांचे काय? ही शंका रास्तच आहे. दुष्टांना आवरण्यासाठी दंडा कोणाच्या तरी हाती द्यावा लागतो, आणि तो हातही माणसाचाच असतो, हे मात्र आपण विसरतो. १९१७ साली क्रांतीनंतर तो मायदेशी परतला, तेव्हा त्याला मंत्रिपद देऊ केले गेले. त्याने ते नाकारले. पुढे बोल्शेविकांनी विरोधकांना ओलीस धरण्याची धमकी दिली, तेव्हा १९२० साली त्याने लेनिनला पत्र लिहून निषेध केला. जुलूम क्रांतीच्या नावाने केला म्हणून त्याचे पुण्य होत नाही, असेच त्याचे मत होते.

त्याच्या चरित्रातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावे. १८७६ साली तो सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी इस्पितळात कैदी होता. शेजारच्या घरातून मित्राने व्हायोलिन वाजवून रस्ता मोकळा असल्याची खूण केली. पहारेकऱ्याच्या संगिनीला चुकवून तो धावत सुटला आणि घोडागाडीतून निसटला. पुढे फेब्रुवारी १९२१ मध्ये तो वारला. अंत्ययात्रेसाठी मॉस्कोच्या तुरुंगातील काही अराज्यवाद्यांना, परत येण्याच्या वचनावर, एक दिवस सोडण्यात आले. हजारोंच्या गर्दीत नाहीसे होणे अवघड नव्हते. संध्याकाळी ते सारे तुरुंगाच्या दारी हजर झाले.

जिथे संगीन होती तिथून गुरू पळाला. जिथे केवळ शब्द होता तिथे शिष्य परतले.

एवढ्यावरून राज्य विश्वासावर चालेल, असे मी म्हणणार नाही. एका संध्याकाळच्या पुराव्यावर सारी माणुसकी तोलता येत नाही. परंतु भयाने माणूस जागेवर बसतो, भरवशाने तो जागेवर परत येतो, एवढे तरी त्यावरून दिसते. घरात मुले वाढवताना आपण यांपैकी कशावर अधिक विसंबतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.