सुटलेला ब्रेक आणि आपली जबाबदारी

जें काम आपण पूर्वीं कधीं केलें नाहीं, तें स्वतःच्या हातानें करावें काय? आणि केल्यावर त्यांत चूक राहिली, तर तिचा दोष कोणाचा? प्रश्न साधा दिसतो. परंतु सायकलीच्या एका सुटलेल्या ब्रेकानें आम्हांस त्याचा विचार करावयास लाविलें.

आम्ही कुंडलास राहत असतां आमच्या जुन्या सायकलीच्या पुढील ब्रेकाची सळई सांध्यांतून निसटली. कारागिराकडे जाण्यास सवड नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर दोन पैसे वांचवावे हाही हेतु होता. रचना अवघड नाहीं. मूठ दाबली कीं सळई वर ओढली जाते. तिच्या टोकास घोड्याच्या नालेसारखी कमान असते, आणि कमानीवरील रबराचे दोन गुटके चाकाच्या धावेस आंतून घट्ट लागतात. आम्हीं सळई बसविली, स्क्रू पिळला, चाक हातानें फिरवून ब्रेक दाबला. चाक थांबलें, आणि आम्हीं समाधान मानिलें.

सायंकाळीं शेजारचा एक मुलगा सायकल मागावयास आला. आम्हीं दिली. डोंगराकडील उतारावर त्यानें ब्रेक जोरानें दाबला, तेव्हां सळई पुन्हां निसटली. गुडघे सोलवटून तो परत आला आणि म्हणाला, “पाळकसाहेब, चूक माझीच. मी फार वेगानें गेलों.” आम्हीं त्याच्या जखमा धुतल्या, पण गप्प राहिलों.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सकाळीं त्याच्या घरीं जाऊन आम्हीं खरें काय तें सांगितलें. त्याची आई म्हणाली, “ब्रेक सुटला त्याचं काही नाही, पाळकसाहेब. पण पोर रात्रभर स्वतःलाच बोल लावत होतं.”

कोणी म्हणेल, जें येत नाहीं त्यास हात लावूं नये. हें आम्हांस मान्य नाहीं. आमच्या शेजारचेंच उदाहरण पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग नीट ओळखतां येत नाहींत असें आढळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. बेळगांवास त्यांनीं सायकलींचें लहानसें दुकान काढिलें, आणि १९१० सालीं कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आज त्या स्थानकासही तेंच नांव आहे. नवशिकेपणाची लाज धरिली असती, तर हें घडलें नसतें.

तेव्हां नवशिका असणें हा दोष नव्हे. चूक होणें हाही मोठा दोष नव्हे. न तपासलेलें काम दुसऱ्याच्या हातीं देणें हा दोष. आणि आपल्या चुकीचा भार निरपराध्याच्या माथीं राहूं देणें हा त्याहून मोठा.

वाचकांपैकीं पुष्कळ जण सायकलीवरून गांवोगांव फिरतात. त्यांनीं इतकें करावें: स्क्रूचे आटे झिजले असल्यास तो नुसता पिळूं नये, नवा घालावा. धावेस तेल लागूं देऊं नये. गुटका ज्या चापांत बसतो, त्याचें बंद तोंड धाव रबरास ओढते त्या बाजूस असावें. मग सर्व जोर लावून मूठ दाबावी, आणि सांधा सरकतो काय तें पाहावें. पुढें सायकल ढकलीत नेऊन ब्रेक दाबावा; नंतर सपाट जागीं हळूं चालवून; उतारावर सर्वांच्या शेवटीं, आणि तोही स्वतः बसून. ब्रेक धरतो अशी खात्री न झाल्यास कारागिराकडे जाण्यांत कमीपणा नाहीं.

हाच नियम इतर कामांसही लागू पडतो. आपण दिलेला सल्ला, लिहून दिलेला अर्ज, मांडलेला हिशेब यांवर दुसरा मनुष्य विसंबून उतारावर निघतो. त्याच्या आधीं त्या उतारावर आपण एकदां उतरून पाहिलें आहे काय, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.