मी प्रत्यक्षदर्शी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक म्हण आहे. ही म्हण करणारा नक्की वादी तरी असावा किंवा प्रतिवादी तरी. साक्षीदार असता तर त्याला कळलं असतं, की काही जण ही पायरी चढत नाहीत. त्यांना समन्स पाठवून चढवलं जातं. तिथे शहाणपणाचा प्रश्नच येत नाही. शहाणपण आधीच, रस्त्यावर, संपलेलं असतं.

माझं संपलं ते २०१९ सालच्या जुलैत, दुपारी दोनच्या सुमारास. 'सुमारास' हा शब्द मी हल्ली मुद्दाम वापरतो. त्या दिवशी मी 'दोन वाजून सात मिनिटांनी' असं ठोकून दिलं होतं. बँकेजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. पाठीमागे धाडकन आवाज झाला. वळून पाहिलं तर चौकात एक टेम्पो आडवा, एक स्कूटर उताणी आणि स्कूटरवाला दोघांच्या मधे, पाय धरून.

मी पाहिलं ते एवढंच. पण हवालदार यायला वीस मिनिटं लागली आणि तोवर टपरीवरचे आम्ही सात-आठ जण रिकामे होतो. आपला माणूस रिकामा असला की चर्चा करतो. पानवाला म्हणाला, "टेम्पो लालमध्ये घुसला." रिक्षावाला म्हणाला, "सुसाट होता." आमचे कॅशियरसाहेब आवाज झाला तेव्हा टपरीच्या मागे गेले होते (कशाला, ते विचारू नका). त्यांनी ताशी साठ किलोमीटरचा आकडा दिला. कॅशियरने दिलेला आकडा! त्यावर शंका कोण घेणार? हवालदार पोचला तेव्हा सिग्नल लालभडक झाला होता आणि तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला होता. त्यातून मी पडलो बँकेतला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पहिला जबाब माझाच घेतला गेला.

लिहून झाल्यावर मी सवयीने पेन काढलं. हवालदार म्हणाले, "सही नको साहेब." पोलीस तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असा कायदाच आहे. आमच्याकडे सही नसलेला कागद म्हणजे रद्दी. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

२०२३ साली समन्स आलं. मग तारखा सुरू झाल्या. कधी वकील आजारी, कधी न्यायाधीश रजेवर, कधी सगळे हजर आणि फाइल गैरहजर. साक्षीदारांना असे हेलपाटे घालायला लावतात, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच एका निकालात कडक शब्दांत नाराजी नोंदवली आहे. ते ऐकून मला बरं वाटलं, पण बसायला जागा काही मिळाली नाही. ती दिली टेम्पोवाल्याने. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. "बसा साहेब," म्हणत तो बाकावर सरकला. शेजारी त्याची बायको, मांडीवर जेवणाचा डबा. "तुमची कसली केस?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "अशीच, किरकोळ." कोर्टाच्या आवारात मी दिलेली ही पहिली साक्ष, आणि ती खोटी होती.

त्या रात्री जेवताना मी घरात साक्षीची रंगीत तालीम करत होतो. नववीतल्या चिरंजीवांनी मधेच विचारलं, "बाबा, नव्या वीसच्या नोटेच्या मागे कसलं चित्र आहे?"

"सांचीचा स्तूप."

"तो दोनशेवर. वीसवर वेरूळची लेणी!"

मी दिवसभर नोटा मोजतो. हातातल्या नोटेवरची अख्खी लेणी ज्याला दिसत नाहीत, तो गृहस्थ पाठीमागच्या सिग्नलचा रंग छातीठोकपणे सांगणार होता.

मग जरा वाचन केलं. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या. "गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती?" असं विचारलं तर उत्तर यायचं सरासरी ताशी ३४ मैल. 'आदळल्या'च्या जागी 'चक्काचूर झाल्या' असा शब्द घातला की तोच वेग ४१ मैलांच्या घरात. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा पाहिल्यात का? 'चक्काचूर'वाल्या ५० पैकी १६ जणांनी पाहिल्या होत्या, 'आदळल्या'वाल्या ५० पैकी ७ जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

इथपर्यंत हसू येतं. पुढचं वाचून येत नाही. त्याच देशात १९८४ साली एका तरुणीवर अत्याचार झाला. पुढे ओळख पटवता यावी म्हणून तिने त्या प्रसंगातही गुन्हेगाराचा चेहरा नीट निरखून ठेवला होता. तिने रोनाल्ड कॉटन नावाच्या माणसाला ओळखलं. तो दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. १९९५ साली डीएनए चाचणीने सिद्ध झालं, की तो हा नव्हेच. बाई खोटं बोलली नव्हती. तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर जाऊन पूर्वीच्याच जागी उभा राहिलो. तिथून सिग्नलची फक्त पाठ दिसते.

पुढच्या तारखेला नावाचा पुकारा झाला. ईश्वरसाक्ष खरं सांगेन अशी शपथ घेतली. (सगळं पाहणारा तो एकच, पण त्याला समन्स कोणी काढत नाही.) सरकारी वकिलांनी सिग्नलचं विचारलं. मी म्हणालो, "मी पाहिला नाही. आवाज झाल्यावर वळलो."

त्यांनी माझा जुना जबाब दाखवला. "मग तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हाही खरंच बोललो होतो साहेब. पण ते खरं नव्हतं."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वकील म्हणाले, "साक्षीदार फितूर झाला आहे." कलमात 'फितूर' हा शब्द नाही. ज्याने साक्षीदार बोलावला त्यालाच उलटतपासासारखे प्रश्न विचारू द्यायचे, एवढंच कलम सांगतं. पण चार वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो आणि त्याच दिवशी फितूर ठरलो.

टेम्पोवाला सुटला. बाहेर त्याच्या बायकोने मला हात जोडले. मला कसंसंच झालं, कारण तो निर्दोष आहे असं मी म्हणालोच नव्हतो. काय झालं ते मला आजही माहीत नाही. आणि महिन्याभराने तो स्कूटरवाला लंगडत आमच्या काउंटरवर आला. पैसे मोजून घेतले. बोलला काहीच नाही.

त्या न बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. मी कोर्टात खरं बोललो, हे माझं पुण्य नव्हे. पाप त्या पहिल्या दिवशी झालं. तेव्हा मी 'मी पाहिलं नाही' असं म्हटलं असतं, तर हवालदाराने पाहणारा माणूस शोधला असता. रस्त्याच्या पलीकडे, जिथून सिग्नल दिसतो तिथे, कोणीतरी असेलच. त्याची जागा मी अडवून बसलो.

१८७२ च्या पुरावा कायद्यात एक सुंदर कलम होतं. एखादी गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची अमुक संख्या लागत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते कायम आहे. मला ते आता पटतं. टपरीवरचे आम्ही आठ साक्षीदार म्हणजे आठ वेळा उच्चारलेलं पानवाल्याचं एक वाक्य. त्याउलट १८९१ च्या एका कायद्यानुसार बँकेच्या खातेवहीची प्रमाणित नक्कल कोर्टात पुरावा म्हणून चालते. सरकारचा कारकुनापेक्षा वहीवर विश्वास जास्त, हे आधी मला झोंबायचं. आता नाही. वही टपरीवर चहा प्यायला जात नाही.

परवा एक आजी नॉमिनेशनच्या फॉर्मवर अंगठा द्यायला आल्या. अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात. पूर्वी असे फॉर्म मी न बघता सही करून पुढे सरकवायचो. या वेळी खुर्चीवरून उठलो आणि वाकून बघत राहिलो.

आजी म्हणाल्या, "काय बघतोस रे बाबा एवढं? अंगठाच आहे."

"आजी, मी 'पाहिलं' असं लिहून देणार आहे," मी म्हणालो. "म्हणून पाहतोय."