हात कधी सोडावा?

नेरुळच्या एका क्रीडागृहात माझी नऊ वर्षांची भाची जिम्नॅस्टिक्स शिकते. तिला आणायला गेलो की मी कडेच्या बाकावर बसून पाहत राहतो. बॅलन्स बीम म्हणजे पाच मीटर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद पट्टी. स्पर्धेत ती जमिनीपासून सव्वा मीटर उंच असते.

मुलीला तिथे एकदम चढवत नाहीत. आधी जमिनीवर आखलेली रेघ, मग वीतभर उंचीची पट्टी, मग खाली गाद्या घालून खरी उंची. नजर पायांवर नाही, पट्टीच्या टोकावर ठेवायची. शिकवणाऱ्या बाई सोबत चालतात, पण त्यांचा हात मुलीच्या कमरेपासून चार बोटे दूर असतो. एकदा मला राहवले नाही. पुढे होऊन मी भाचीचा हात धरला. ती माझ्याकडे कलली आणि दोन पावलांत खाली आली.

"मामू, तुम्ही धरलंत म्हणून पडले!"

खरेच होते. हात मिळाला की शरीर त्यावर भार टाकते. मग तोल एकट्या मुलीचा राहत नाही. तिला तर भीती वाटत नव्हती, वाटत होती ती मला. मग तो हात मी कोणासाठी धरला होता?

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. गाद्या, पायरीपायरीने वाढवलेली उंची, जवळ असलेला हात, हे झाले उंट बांधणे. मुलींच्या बाबतीत आपण दोरीवर दोरी बांधत जातो आणि भरवशापर्यंत पोहोचतच नाही.

अर्थात हात सोडणे म्हणजे ढकलणे नव्हे. 2021 साली टोकियोत सिमोन बाइल्सला हवेत असताना आपण कुठे आहोत याचे भान राहीना, तेव्हा तिने बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. नंतर याच बीमवर उतरून तिने कांस्यपदक मिळवले. "आज नको" हेही तिनेच ठरवले, आणि "आज जमेल" हेही.

आमच्या घरात आता पोशाखाची कुजबुज सुरू झाली आहे. दादी म्हणतात, अजून दोन वर्षे, मग बस. मलेशियाच्या फराह अॅन अब्दुल हादीने 2015 साली आग्नेय आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा तिच्याही पोशाखावर टीका झाली होती. पायघोळ पोशाख नियमात बसतो. टोकियोत जर्मनीच्या मुली तसाच घालून उतरल्या. हे मी आपाला सांगितले. दादींना अजून कोणी सांगितलेले नाही. पण पोशाखाची अडचण मिटली, तर दादी दुसरी काढणार नाहीत, याची खात्री मला देता येत नाही. आणि भाचीला काय वाटते, हे आमच्यापैकी कोणीच विचारलेले नाही.

गेल्या रविवारी ती प्रथमच पूर्ण उंचीवर चढली. अर्ध्यावर डगमगली. बाईंचा हात पुढे आला, पण लागला नाही. मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो.